मुलगी मैदानात होती, पण खेळली किती?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात शाळेच्या संघातून खेळणारी मुलगी असेल, तर संध्याकाळी तुम्ही तिला हमखास विचारत असाल, "काय ग, आज खेळलीस का?" ती "हो" म्हणते, दप्तर कोपऱ्यात टाकते आणि डब्यातले काय उरले आहे ते शोधायला लागते. आपलेही समाधान होते. पोरगी खेळते आहे, भूक लागते आहे, झोप लागते आहे, आणखी काय पाहिजे?

पण कधी तरी पुढचा प्रश्न विचारून बघा. किती खेळलीस? कुठे बसली होतीस? कितव्या क्रमांकाला पळलीस? मी गेल्या वर्षी हे प्रश्न विचारायला लागले आणि घरात, शेजारात आणि मैदानात बरेच काही ढवळून निघाले. म्हटले, तुम्हालाही सांगावे.

आमचे गाव मांजरसुंबा. बीडहून सोलापूरकडे निघालात की घाट चढून वर आल्यावर आमचा चौक लागतो. इथून एक फाटा केज-अंबाजोगाईकडे जातो, एक पाटोद्याकडे, आणि मोठा रस्ता सरळ धाराशिवला. प्रवासी मंडळी इथे उतरतात, रबडी खातात आणि पुढे जातात. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेची गर्दी होते, तेवढीच. बाकी गाव म्हणजे रस्ता आणि रस्त्यावरची दुकाने. आमचे किराणा दुकान त्यातलेच एक. हे माल आणायला बाहेर असले की गल्ल्यावर मी असते, आणि उधारीची खातेवही तर लग्न झाल्यापासून माझ्याच हाती आहे. तेव्हा रेघा मारणे, आकडे लिहिणे आणि कुणी रागावले तरी लिहिलेला आकडा न बदलणे, याची मला सवय आहे.

१९ जानेवारी २०२५ या दिवशी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार होती प्रियांका इंगळे. ती मूळची आमच्याच जिल्ह्यातली, केज तालुक्यातल्या कळंबअंब्याची. आमच्या चौकातून जो फाटा केजकडे जातो ना, त्याच बाजूची! त्या रात्री दुकानात माझ्या मोबाईलभोवती आठ-दहा पोरी बसल्या होत्या. आणि मोठ्या रस्त्याने खाली धाराशिवला गेलात, तर तिथली सारिका काळे. २०२० सालचा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. म्हणजे आमच्या चौकातून निघणाऱ्या दोन रस्त्यांवर खो-खोतली दोन मोठी नावे. मग मधल्या गावातल्या पोरींनी काय नुसती रबडी खावी? जून उजाडला तशा शाळेच्या मैदानावर सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ उभा राहिला. आमची धाकटीही त्यात होती.

खेळाचे सर एकटे. शिट्टी त्यांनीच वाजवायची, चुना त्यांनीच टाकायचा, पोरींची भांडणे त्यांनीच सोडवायची. एक दिवस दुकानात साखर घ्यायला आले आणि म्हणाले, "वहिनी, कोण किती वेळ पळतंय हे लिहून ठेवायला एक माणूस पाहिजे हो. माझं एक डोकं कुठं कुठं पुरणार?" मी म्हटले, "मी येते की. संध्याकाळी पाच ते सहा दुकानात तशीही गर्दी नसते." सरांना वाटले मी थट्टा करते आहे. दुसऱ्या दिवशी मी लांबट वही, शिसपेन्सिल आणि ह्यांचे जुने मनगटी घड्याळ घेऊन मैदानावर हजर!

आता लहानपणी आपण सगळ्याच खो-खो खेळलो आहोत. पण या खेळात वेळेचा हिशेब कसा चालतो, हे मलाही पेन्सिल हातात घेईपर्यंत उमगले नव्हते. संघात नावे बारा असतात, मैदानात उतरतात नऊ. पाठलागाची पाळी असेल तर आठ जणी चौकोनात बसतात, एकीचे तोंड इकडे तर शेजारचीचे तिकडे, आणि नववी पळते. पाळी नऊ मिनिटांची. मग समोरचा संघ बसतो आणि आपण पळायचे. पण पळायला नऊ जणी एकदम जात नाहीत. तीन-तीनच्या तुकड्या असतात. पहिल्या तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी, त्या बाद झाल्या की शेवटच्या तिघी. हा क्रम आधी गुणलेखकाकडे लिहून द्यावा लागतो, आणि त्या पाळीत मग तो बदलता येत नाही.

इथेच खरी गोम आहे. पहिल्या तुकडीने पाच मिनिटे काढली, दुसरीने चार काढली, की पाळी संपली. शेवटच्या तिघी रेघेबाहेर उभ्याच! वरच्या मुली जितक्या चांगल्या खेळतील तितके खालच्या मुलींच्या वाट्याला कमी येते. आपल्याकडे पंगतीत होते तसेच. पहिल्या पंगतीला पोळ्या गरम आणि भाजी मुबलक, शेवटच्या पंगतीला काय उरले असेल ते. आणि तरीही सातव्या, आठव्या, नवव्या क्रमांकाच्या मुलीचे नाव संघात असते, बिल्ला असतो, फोटोत ती असते. घरी येऊन ती "खेळले" म्हणते, आणि तेही खोटे नसते.

बसण्याचेही तसेच. मधल्या चौकोनातल्या मुलीला खो मिळतो आणि चार पावलांत तिला तो दुसरीला द्यावा लागतो. गडी बाद करायची संधी खांबाजवळच्या मुलींना जास्त, कारण पळणारी खांबाला वळसा घालायला आली की सूर मारून तिला टिपता येते. मधे बसून चोख खो देणारीमुळेच पुढची सूर मारू शकते. पण टाळ्या सूर मारणारीला. (घरातही पुरणपोळी वाढणारीचे कौतुक होते. पुरण कुणी वाटले ते कोण विचारतो?)

माझी एक मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिचा मुलगा तिकडे बेसबॉल खेळतो. तिला फोनवर मी हे सांगितले तर ती हसायला लागली. म्हणाली, "अग, मी पण हेच करते! कोण कितव्या डावात कुठल्या जागेवर उभा होता, कोण बाकावर बसला, सगळं लिहायचं असतं." तिकडे लिटल लीग नावाची मुलांच्या बेसबॉलची मोठी संघटना आहे, १९३९ सालापासूनची. त्यांचा नियमच आहे म्हणे, की नेहमीच्या सामन्यांत प्रत्येक मुलाला निदान सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षणाला उभे करायचे आणि निदान एकदा तरी फलंदाजी द्यायची. मुलगा कच्चा असो की पक्का. मला हा नियम फार आवडला. आपल्या खो-खोत तसे बंधन नाही. सरांच्या मनात जे असेल ते. आणि सर बिचारे कितीही सरळ असले तरी माणसाच्या लक्षात काय राहते? काल ज्या पोरीने झेप घेतली ती.

तेव्हा वही. तुमच्या गावात कुणाला हे करायचे असेल तर कशी आखायची ते सांगते. फार सोपे आहे. एका सामन्याला एक पान. डावीकडे बारा नावे, बाराही, न खेळणाऱ्यांचीसुद्धा. त्यांच्यापुढे तीन रकाने. पहिल्यात पाठलागाला सुरुवातीला कोणत्या चौकोनात बसली ते. सुरुवातीलाच म्हणते, कारण खेळ सुरू झाला की खो देणारी दुसरीच्या जागी बसते आणि जागा भराभर बदलतात. त्या सगळ्या टिपायला गेलात तर वेड लागेल. मी चार दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिला. दुसऱ्या रकान्यात तिने बाद केलेल्या गड्यांच्या उभ्या रेघा. तिसरा रकाना पळण्याचा: कितव्या क्रमांकाला उतरली, कधी उतरली, कधी बाद झाली.

वेळ काढताना एक जपा. तुकडी मैदानात उतरली ती वेळ आधी लिहायची आणि प्रत्येकीच्या बाद होण्याच्या वेळेतून ती वजा करायची. दुसरी तुकडी ३ मिनिटे २० सेकंदांनी उतरली आणि त्यातली एक ४ मिनिटे ५ सेकंदांना बाद झाली, तर ती ४५ सेकंद टिकली. ही साठाची वजाबाकी आहे, शंभराची नव्हे. एका आईने माझ्या वहीत डोकावून ८५ सेकंद काढले आणि माझ्याशी भांडायला आली! पाळी संपेपर्यंत जी बाद होत नाही, तिच्या आकड्यापुढे मी फुली करते. त्या फुलीचे महत्त्व पुढे कळेल.

वर्तमानपत्रात सामन्याच्या बातमीत "२.१० मि. संरक्षण आणि ३ गडी" असे छापतात ना, ते याच हिशेबातून येते. फक्त तिथे पहिल्या दोघी-तिघींचीच नावे येतात. माझ्या वहीत बाराही जणी असतात, एवढाच फरक.

तालुक्याच्या स्पर्धेत आमचे तीन सामने झाले. तीन सामन्यांत पळण्याच्या सहा पाळ्या. आमची धाकटी पहिल्या तुकडीत, क्रमांक दोनला. खांबावरची जागाही तिचीच. आता आपली मुलगी पुढे असली की आईचा ऊर भरून येतोच, मी काही निराळी नाही. पण एका प्रतिष्ठित घरच्या बाईंनी मैदानाच्या कडेला, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलेच, "वही लिहिणारीची पोर पुढं राहणारच की!" त्यांची मुलगी पाचव्या क्रमांकाला होती. मी काही बोलले नाही. रात्री दुकान बंद केल्यावर वही उघडली आणि तीनही सामन्यांची बेरीज मांडली.

धाकटी सहा वेळा उतरली होती. एकूण ५ मिनिटे ६ सेकंद. म्हणजे सरासरी ५१ सेकंद. वाईट नाही, पण पहिल्या तुकडीला हे थोडेच. मग बोट खाली नेत गेले. आठव्या क्रमांकाची मुलगी सहा पाळ्यांत फक्त दोनदा उतरली होती. एकदा १ मिनिट ५० सेकंद, एकदा १ मिनिट ३६. आणि दोन्ही आकड्यांपुढे फुली! म्हणजे दोन्ही वेळा वेळ संपली, ती बाद झालीच नव्हती. ती किती टिकू शकते हे सरांनाही माहीत नव्हते, तिलाही नव्हते. कारण तिला बाद होण्याइतका वेळ मिळालाच नव्हता.

बारीक चणीची, काळीसावळी, कमी बोलणारी पोर. सरावाला कधी उशिरा यायची, कारण घरी पाणी भरून यायचे असायचे. हुलकावणी द्यायची हातोटी मात्र अशी, की पाठलाग करणारी एकीकडे आणि ही दुसरीकडे.

आणखी एक ओळ दिसली. बाराव्या नावापुढे तिन्ही सामन्यांत काहीच नाही. कोरे. तिची आई एक दिवसाची मजुरी बुडवून सामना बघायला आली होती.

मैत्रिणींनो, तुम्ही काय केले असते? हे घोरत होते, सासूबाई आत झोपल्या होत्या, आणि मी वही पुढ्यात घेऊन बसले होते. वहीतला आकडा वाचून दाखवायचा तर तो माझ्याच मुलीच्या जागेवर जाणार, हे मला दिसत होते. पण दुकानात शेजारणीची बाकी दोन रुपयांनीही कमी-जास्त न करणारी मी, इथे कसे करणार? सकाळी सरांना वही दिली. म्हटले, "तुम्हीच बघा." त्यांनी पान दोनदा वरून खाली वाचले आणि विचारले, "वहिनी, तुम्हाला कळतंय ना, मी आता काय करणार ते?" मी मान हलवली.

जिल्ह्याच्या स्पर्धेच्या यादीत आठ नंबरची पोर दोनला आली आणि आमची धाकटी आठला गेली. बारावीला सरांनी पहिल्या सोप्या सामन्यात नऊ जणींत धरायचे ठरवले. खांबावरची जागा धाकटीकडेच राहिली. बाद केलेल्या रेघा तिच्याच सगळ्यांत जास्त होत्या, त्यामुळे तिथे प्रश्न नव्हता.

घरी मात्र प्रश्नच प्रश्न. "आई, तू माझी आई आहेस की पंच?" असे म्हणून पोरगी आत गेली ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट ठेवले की मान खाली घालून जेवायची. सासूबाईंनी ऐकवले, "परक्याच्या लेकीपायी आपल्या लेकीपुढचं वाढलेलं ताट ओढलंस." ह्यांनी मात्र वही मागवली, चष्मा लावून बघितली आणि एवढेच म्हणाले, "उधारी बरोबर आहे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे पुष्कळ झाले. तिसऱ्या दिवशी धाकटी आपणहून आली, वही घेऊन पायरीवर बसली आणि स्वतःची ओळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी दर वेळी खांबाच्या डाव्या बाजूलाच बाद होते का ग?" ते काही माझ्या वहीत नव्हते! दुसऱ्या दिवसापासून मी चौथा रकाना आखला: कुठे बाद झाली.

सप्टेंबरात पावसाने जिल्ह्याला झोडपून काढले. मैदानावर गुडघाभर चिखल, सराव शाळेच्या व्हरांड्यात. पण तो पाऊस मैदानापुरता नव्हता. सोयाबीन शेतातच कुजले, कापूस गेला. त्यातून सावरत बीडच्या मैदानावर सामने झाले, तेव्हा दोन नंबरच्या पोरीने पहिल्या सामन्यात २ मिनिटे ४० सेकंद काढले. अंतिम सामन्यात ३ मिनिटे ५. सहा पाळ्यांत शेवटच्या तुकडीला फक्त एकदाच उतरावे लागले, आणि धाकटीच्या वाट्याला साऱ्या स्पर्धेत पळायला ४० सेकंद आले. गडी मात्र तिने सात बाद केले. बारावी पोर पहिल्या सामन्यात मधल्या चौकोनात बसली, तिच्या हातून एक गडीही बाद झाला. तिच्या नावापुढे मी ती उभी रेघ जरा ठळकच मारली असेन. जिल्ह्यात आम्ही पहिले आलो. विभागीय स्पर्धा दिवाळीनंतर होती.

आणि दिवाळीनंतर कोयता निघतो.

शहरातल्या मैत्रिणींना हे सांगायला हवे. आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्यात परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधी घेतलेली असते, ती फेडायची असते. आईबाप फडात, मग कोपीवर धाकटी लेकरे सांभाळायला आणि भाकरी थापायला कोण? थोरली मुलगी. त्या वर्षी शेत गेलेले, तेव्हा न जाण्याची गोष्टच नव्हती. आमची दोन नंबरची पोर सरावाला आली आणि सरांना न सांगता मला म्हणाली, "काकू, माझं नाव आता नका लिहू."

सर आणि मी तिच्या घरी गेलो. तिची आई बाजेवर वाकळ घडी करत होती. सर जायच्या-यायच्या खर्चाचे बोलत होते, शाळेचे बोलत होते, सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काढलेल्या हंगामी वसतिगृहांचे बोलत होते. ती माउली ऐकून घेत होती. मग माझ्या हातातल्या वहीकडे बघून म्हणाली, "यात माझ्या लेकीचं कुटलं?" मी ओळ दाखवली. तिला वाचता येत नव्हते. "दोन मिनिट चाळीस म्हंजी किती?"

मी म्हटले, "तव्यावर भाकरी टाकून ती भाजून खाली उतरेपर्यंत."

तिने वाकळ बाजूला ठेवली. "तेवढा येळ ती कुनाच्या हाती लागली न्हाई?"

"नाही. तिघी-चौघी मागे होत्या, पण नाही."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग तिने फार नेमके विचारले, "अन् तुमचा सामना झाल्यावर?" आम्हाला ती सामन्यासाठी हवी होती, हे मी लपवले नाही. लपवून काय उपयोग? पण सामन्यापुरती ठेवून घ्यायची आणि मग कुणातरी गाडीबरोबर फडावर धाडायची, हे मलाही पटणारे नव्हते. म्हणून म्हटले, "परीक्षा होईपर्यंत राहू द्या. आजी आहे घरात." तिची अडचण शाळेची नव्हतीच. अडचण होती धाकट्या पाच वर्षांच्या पोराची. आजीला दिसत नाही, पोर रस्त्याकडे पळते, आणि आमच्या गावात रस्ता म्हणजे काय ते मी वर सांगितलेच आहे. शेवटी ठरले ते असे: लेकरूही इथेच राहील. सकाळी अंगणवाडीत, दुपारी आजीजवळ, आणि संध्याकाळी पाच ते सहा मैदानावर माझ्याजवळ. "तुमी लिवताय ना, मंग तुमच्या बाजूलाच बसवा त्याला," असे त्याच्या आईने बजावले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता परक्याचं लेकरू पण?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्याच्यासाठी शेंगदाण्याचा लाडू पदरात बांधून दिला.

विभागीय स्पर्धेत आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो, दोन गुणांनी. समोरचा संघ बारा महिने सराव करणाऱ्या शहरातला होता, तेव्हा दोन गुण म्हणजे मी तरी कमी मानत नाही. सर दिवसभर बोलले नाहीत. वही सांगते ती हकीकत अशी: दोन नंबरची पोर पहिल्या पाळीत ३ मिनिटे १०, दुसऱ्या पाळीत १ मिनिट ५. आमची धाकटी चार नंबरला उतरली, कारण सरांनी तिला दुसऱ्या तुकडीत आणले होते. १ मिनिट २० सेकंद, हा तिचा आजवरचा सर्वांत मोठा आकडा. बाद झाली ती उजव्या बाजूला. बसमध्ये ती मला म्हणाली, "डावी सुधारली बघ," आणि दोन नंबरच्या खांद्यावर डोके ठेवून झोपली.

त्या प्रतिष्ठित घरच्या बाई आता सामन्यानंतर माझ्याजवळ येऊन बसतात आणि आपल्या मुलीची ओळ वाचतात. मागे एकदा म्हणाल्या, "हिची सरासरी जरा कमीच येते, नाही?" मी म्हटले, "हो, येते." त्यांना राग आला नाही, आला असला तरी दाखवला नाही.

संक्रांतीला जुनी वही भरली, म्हणून दुकानातूनच नवी घेतली. धाकटा माझ्याशेजारी पोत्यावर बसतो. त्याला घड्याळ कळत नाही, पण बहीण पळायला उतरली की तो मोठ्याने अंक म्हणायला लागतो. एकोणतीसपर्यंत बरोबर जातो, मग पुन्हा वीसवर येतो. फडावरून आईचा फोन येतो, तेव्हा तिला आठवड्याचे आकडे तोच सांगतो, आणि ते इतके भलतेच असतात की मला फोन हातात घेऊन दुरुस्त करावे लागतात.